चित्राच्या कोपऱ्यातली तारीख

मामाची वही माझ्याकडे आली त्याला आता दीड वर्ष होईल. मामा म्हणजे आईचा सगळ्यात मोठा भाऊ. शाळेत चित्रकला शिकवायचा, आणि सुट्टी लागली की एसटी पकडून कुठेतरी नदीकाठी जाऊन बसायचा. जलरंगाची पेटी, पाण्याची बाटली, मांडीवर पुठ्ठा, बस्स. तो गेल्यावर घरच्यांनी त्याच्या वस्तू वाटून घेतल्या, त्यात ही वही कुणालाच नको होती म्हणून माझ्याकडे आली. (घरात एक 'कंप्युटरवाला' असला की ज्या वस्तूचं काय करायचं ते कळत नाही ती त्याच्याकडे येते. "स्कॅन करून ठेव हं" असं म्हणून.)

स्कॅन करायला बसलो तेव्हा गोची लक्षात आली. चित्रं एकूण ४१. घाट, देवळं, बाजार, पिंपळाचे पार, एका चित्रात नुसतीच म्हैस. आणि एकाही चित्रावर गावाचं नाव नाही. तारीख नाही. सही तर नाहीच. आता फाइलला नाव काय देणार? शेवटी मामा_०१, मामा_०२ असं करत मामा_४१ पर्यंत गेलो. आम्ही प्रोग्रॅमर लोक कोडमध्ये केलेला प्रत्येक बदल साठवताना सोबत एक ओळ लिहितो: काय बदललं, का बदललं. कुणी ती ओळ न लिहिता बदल ढकलला की टीममध्ये त्याला शिव्या पडतात. मामाने असे ४१ बदल ढकलून ठेवले होते, आणि विचारायला आता मामा नव्हता.

त्यातलं सतरावं चित्र आईने ओळखलं. म्हणजे ओळखल्यासारखं केलं. नदीकाठचं दगडी देऊळ, खाली उतरत गेलेल्या पायऱ्या, पायऱ्यांच्या तळाशी कोरडी वाळू आणि वाळूतून चालत जाणारी दोनचार माणसं. "हे टोक्याचं असेल बघ. नाहीतर नेवाशाचं. त्याची पहिली नोकरी तिकडेच होती." एवढ्या भांडवलावर गेल्या महिन्यात एका शनिवारी पहाटे पुण्याहून निघालो. नगर सोडलं की संभाजीनगरच्या रस्त्याला नेवासा फाटा लागतो, तिथून आत वळलं की गाव. सोबत माझी स्वतःची रंगांची पेटीही घेतली होती. मामा शिकवायचा तेव्हा मी टाळाटाळ केली, आणि आता यूट्यूब बघून शिकतोय. असो.

प्रवरेच्या काठी बसून चित्र काढणं हा एकट्याने करायचा उद्योग नाही हे पहिल्या दहा मिनिटांत कळलं. पाच पोरं मागे उभी. "दादा, ही म्हस हाय का कुत्रं?" "आरं दगड हाय त्यो." (म्हैस होती.) नदीचा रंग करायला गेलो तर नदी निळी नव्हतीच, मातकट हिरवी होती आणि मध्ये आभाळाचा एक पांढुरका पट्टा. मोबाइलने फोटो काढला असता तर हे मला दिसलंच नसतं, कारण फोटो काढताना आपण बघत नाही, फक्त काढतो. चित्र काढताना तासभर त्याच एका काठाकडे बघावं लागतं. पाणी किती खाली आहे, सावली कुठून कुठे सरकली, घाटाची कुठली पायरी फुटलेली आहे, सगळं नाइलाजाने दिसतं.

आता तुम्ही म्हणाल की हे सगळं साहेबाचं खूळ, आपल्याकडे कुठे होतं? मलाही तसंच वाटायचं. म्हणून थोडं वाचलं, आणि प्रकरण जरा गुंतागुंतीचं निघालं.

साहेबाचा वाटा आहेच. जलरंग डिंकात कालवायची रीत आपल्या चित्रकारांनाही जुनी आहे, पण ते काम बहुतेक बैठक मारून, घरात किंवा कारखान्यात बसून व्हायचं. इंग्लंडमध्ये १७८० च्या सुमारास रीव्हज बंधूंनी जलरंगाच्या तयार वड्या विकायला काढल्या. ब्रश ओला करा, वडीवर घासा, रंग तयार. रंगांचं दुकान खिशात मावायला लागलं. पुढे १८३२ मध्ये विन्सर आणि न्यूटन यांनी धंदा सुरू केला आणि रंग आणखी मऊ, आणखी सोयीचे होत गेले. दुसरं कारण अगदी रोकडं होतं. कॅमेरा नव्हता, आणि फौजेला डोंगर, नदीचा उतार, किल्ल्याचा दरवाजा कागदावर हवा असायचा. ईस्ट इंडिया कंपनीने १८०९ मध्ये लंडनजवळ अ‍ॅडिस्कोंबला आपल्या कॅडेटांसाठी शाळा काढली, तिथे गणित आणि तटबंदीच्या जोडीला चित्रकलाही शिकवायचे. आज मोबाइलवर नकाशा उघडणं जितकं कामाचं, तितकंच तेव्हा समोरचा डोंगर बरोबर काढता येणं.

पण त्याच्याही आधी आमच्या पुण्यात एक माणूस हे करत होता. गंगाराम चिंतामण नवगिरे तांबट. नाव ऐकलंय? मी तरी पुण्यात शिकून, पुण्यात नोकरी करून कधी ऐकलं नव्हतं.

चार्ल्स मॅलेट हा कंपनीचा वकील, म्हणजे रेसिडेंट, १७८६ पासून पेशव्यांच्या दरबारात होता. गंगाराम त्याच्यासाठी चित्रं काढायचा. १७९१ मध्ये जेम्स वेल्स नावाचा स्कॉटिश चित्रकार मुंबईत उतरला आणि पुढच्या वर्षी पुण्यात आला. सवाई माधवराव आणि नाना फडणीस यांचं जे तैलचित्र आपण पुस्तकांत बघतो ते याचं. मॅलेटच्या आग्रहाने शनिवारवाड्यात चित्रकलेची एक शाळाही निघाली. गंगाराम या मंडळींत वावरला, पण तो नुसता वाड्यात बसून राहिला नाही. तो कार्ल्याला गेला, वेरूळला गेला, समोर बसून लेणी काढली. पुण्यातले बैरागी काढले. पर्वतीच्या पायथ्याला पेशव्यांचा शिकारखाना होता, तिथला गेंडासुद्धा काढला.

या गेंड्याच्या चित्राने माझी विकेट काढली. आज ते अमेरिकेत, येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कलासंग्रहालयात आहे, आणि तिथे त्याची नोंद आहे ती अशी: पेशव्यांच्या पुण्याच्या प्राणिसंग्रहातला गेंडा, नोव्हेंबर १७९०. संपलं. जागा, मालक, महिना, साल. या एका ओळीमुळे ते चित्र पुरावा झालं. ओळ नसती तर कुठल्यातरी चित्रकाराने कुठलातरी गेंडा काढलाय, एवढंच आपण म्हणालो असतो. १७९० मध्ये पुण्यात गेंडा पाळलेला होता हे छातीठोकपणे सांगता येतं ते त्या नोंदीमुळे.

आणि ओळीत नाव नसलं की काय होतं, तेही याच मंडळींच्या गोष्टीत दिसतं. १७९५ मध्ये वेल्स साष्टीच्या बेटावर लेण्यांची चित्रं काढत असताना तापाने गेला. त्याची वेरूळची चित्रं पुढे थॉमस डॅनियलने कोरून घेतली आणि १८०३ मध्ये लंडनला त्यांचं पुस्तक निघालं, २४ चित्रांचं. मुखपृष्ठावर दोन नावं: वेल्स आणि डॅनियल. वेरूळच्या उन्हात गंगारामही बसला होता, पण त्या पानावर तो नाही. इतकी वर्षं त्याचं नाव टिकलं ते मॅलेटच्या संग्रहातल्या त्याच्या स्वतःच्या चित्रांमुळे आणि त्यांच्या नोंदींमुळे. म्हणजे बघा, त्याच काळातल्या दोन कागदांत फरक काय, तर एकावर त्याचं नाव राहिलं आणि एकावर नाही.

या बाबतीत सगळ्यात शिस्तीचा गडी म्हणजे एडवर्ड लिअर. हो, तोच, मुलांच्या चावट कवितांवाला. त्याचा खरा धंदा निसर्गचित्रांचा. व्हिक्टोरिया राणीला त्याने चित्रकलेचे धडेही दिले होते. नोव्हेंबर १८७३ मध्ये तो मुंबईत उतरला, साठी पार केलेला, तब्येतीने कुरकुरणारा, आणि जानेवारी १८७५ पर्यंत हिंदुस्थानभर फिरला. १८७४ च्या पावसाळ्यात तो पुण्यात मुक्कामाला होता. त्याची पद्धत मला फार आवडली. जागेवर पेन्सिलने भराभर रेखाटन. मग त्या रेखाटनावरच शब्द लिहायचे: इथे कुठला रंग, तिथे कसली झाडं. कोपऱ्यात जागा, तारीख, आणि चक्क वाजले किती तेही. शाई आणि रंग नंतर, निवांत. दीडशे वर्षांनंतर आज त्याच्या एखाद्या कागदावरून सांगता येतं की हा माणूस अमुक दिवशी अमुक वाजता अमुक झाडाखाली बसला होता. आमच्या सर्व्हरचे लॉगसुद्धा इतके नेटके नसतात.

आता परत नेवाशाला येऊ, कारण 'कागदावर ओळ लिहा' हा धडा या गावाने जितक्या मोठ्या प्रमाणावर गिरवलाय तितका क्वचित कुठे गिरवला असेल.

प्रवरेकाठी लाडमोड नावाची टेकडी आहे. टेकडी म्हणजे खरं तर पांढरीचं टेकाड, माणसांनी एकावर एक वस्त्या करत उंच केलेलं. १९५४ ते १९५६ या काळात हसमुख सांकलिया आणि त्यांच्या डेक्कन कॉलेजच्या सहकाऱ्यांनी ते खणलं. वरच्या थरात मराठे आणि मुसलमानी काळ, खाली सातवाहन आणि रोमन व्यापाराच्या खुणा, त्याखाली ताम्रपाषाणयुगातले शेतकरी, आणि नदीच्या थरांत अश्मयुगातली दगडी हत्यारं. १९६० मध्ये त्यावर जो जाडजूड अहवाल निघाला त्याच्या नावातच इतिहासाकडून प्रागितिहासाकडे, असा उलटा प्रवास आहे. इथल्या शेतकऱ्यांची भांडी लाल, त्यावर काळ्या रंगाच्या रेघा, जाळ्या, तिरक्या पट्ट्या. या धर्तीच्या भांड्यांना नाव मिळालं ते प्रवरेच्याच काठावरच्या, संगमनेर तालुक्यातल्या जोर्वे गावावरून. तीन हजार वर्षांपूर्वी कुणीतरी ओल्या ब्रशने ती रेघ ओढली. मी त्या दिवशी तिथून दोनेक किलोमीटरवर ब्रश ओला करून बसलो होतो. जास्त भावुक होत नाही, पण विचार आला खरा.

तर सांगायचा मुद्दा पुढे आहे. कॅमेरा होता, तरी उत्खननात भांडी हाताने काढतात, आजही काढतात. मधोमध एक उभी रेघ. तिच्या एका बाजूला भांडं बाहेरून जसं दिसतं तसं. दुसऱ्या बाजूला ते उभं कापलं तर जसं दिसेल तसं, काठाची जाडी काळी भरून. काठ बाहेर वळलाय की आत, बूड किती जाड आहे, तोटी कुठे बसवलीय, हे एका नजरेत कळतं. फोटोला हे जमत नाही, कारण फोटो फक्त बाहेरून बघतो.

आणि प्रत्येक खापरावर शाईने बारीक अक्षरात लिहितात: गाव, खड्डा, थर. हे कंटाळवाणं काम आहे. पण ते केलं नाही तर? खापर तेच राहतं, रंग तोच, नक्षी तीच. फक्त ते कुठल्या थरातून आलं हे सांगता येत नाही, म्हणून ते कशाचाच पुरावा राहत नाही. सुंदर असतं, पण मुकं. हे वाचलं तेव्हा मला मामाची वही आठवली आणि पोटात कसंसंच झालं.

दुपारी पैसखांबाच्या देवळात गेलो. ज्ञानेश्वरांनी ज्याला टेकून भावार्थदीपिका सांगितली असं मानतात तो हा खांब. दुर्गा भागवतांच्या 'पैस' या पुस्तकाचं नाव इथलंच. खांबावर जुना कोरीव लेख आहे. करवीरेश्वराच्या दिव्याच्या तेलासाठी दिलेल्या दानाचा. गाभाऱ्यात रंगपाणी काढणं बरं दिसलं नसतं, म्हणून नुसत्या पेन्सिलने खांब काढला. शेजारी एक आजोबा पोथी वाचत बसले होते. माझी वही बघून म्हणाले, "खाली तारीख टाका, बाळ. ज्ञानोबांनीपण टाकलीये."

मी हसलो. मग घरी येऊन ज्ञानेश्वरीचा शेवट उघडून बघितला आणि आजोबांचं म्हणणं शंभर टक्के खरं निघालं. नऊ हजार ओव्यांचा ग्रंथ संपताना तिथे व्यवस्थित नोंद आहे. जागा: गोदावरीच्या दक्षिण काठी, महालयेचं क्षेत्र. राजा: यादव वंशातला रामचंद्र. साल: शके १२१२, म्हणजे इसवी सन १२९०. सांगणारा: ज्ञानेश्वर. आणि लिहून घेणारा: सच्चिदानंदबाबा. हे शेवटचं नाव मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. लिहून घेणाऱ्याचं नाव कोण लिहितो हो? वेरूळच्या पुस्तकात गंगाराम राहून गेला. इथे सव्वासातशे वर्षांपूर्वी हाताने लिहिणाऱ्या माणसाचं नाव आदराने नोंदवलंय. त्यानंतर सहाच वर्षांनी, १२९६ मध्ये, अल्लाउद्दीनाची स्वारी देवगिरीवर आली आणि ते सगळं जग हललं. पण राजाचं नाव, गाव आणि साल ओव्यांत पक्कं बसलेलं होतं. काळ उलटापालटा झाला तरी ग्रंथ कुठला आणि कधीचा हे विचारायला कुणाकडे जावं लागलं नाही.

संध्याकाळी टोक्याला पोचलो. इथे प्रवरा गोदावरीला मिळते, नदीपलीकडे कायगाव. सिद्धेश्वराच्या देवळापाशी मामा_१७ चा प्रिंट काढून हातात धरला आणि मागेपुढे सरकत राहिलो. शिखर जुळलं. भिंतीची कड जुळली. जुळलं! पण पायऱ्या जुळेनात. चित्रात पायऱ्या खूप खाली जातात आणि तळाशी वाळू आहे. समोर मात्र पायऱ्या अर्ध्यावरच पाण्यात शिरलेल्या.

कारण उघड आहे. खाली पैठणला जायकवाडीचं धरण आहे, १९७६ पासूनचं, आणि त्याचा फुगवटा इथपर्यंत येतो. कित्येक गावं त्या पाण्यासाठी उठली. मामाचं चित्र धरणाच्या आधीचं असेल तर त्यात जुनी गोदावरी आहे. जी आता कुणालाच दिसणार नाही. तसं असेल तर ती माझ्या घरातली सगळ्यात मोलाची वस्तू. पण चित्र नंतरच्या एखाद्या दुष्काळातलं असेल, धरण आटलेलं असताना काढलेलं, तर ते साधं उन्हाळ्याचं चित्र. मामाची नोकरीची वर्षं दोन्हीकडे बसतात.

घाटावर एक आजी धुणं आटपत होत्या. त्यांना चित्र दाखवलं. डोळ्यांजवळ नेऊन बराच वेळ बघितलं. "हां, असंच व्हतं की. वाळूतनं चालत पल्याड जायाचो आमी." मी एकदम पुढे सरकून विचारलं, कधी? धरणाच्या आधी? आजींनी मला चित्र परत दिलं. "आधी बी, आन पानी आटलं की मागनं बी. कोन मोजून ठिवतंय?"

खरंय. कुणीतरी मोजून ठेवलं पाहिजे, एवढंच. आणि त्याला लागतात किती? दहा सेकंद. मामाने तिथे दोन तास घालवले असतील. आभाळाचा हलका वॉश, ओल्यात ओला सोडलेला पायऱ्यांचा करडा, माणसांचे दोन फटकारे. हात अप्रतिम होता त्याचा. दहा सेकंद राहिले.

त्याच्या चित्रावर माझ्या हाताने काही लिहायचं मन होईना. ते खोटं झालं असतं. म्हणून एक वेगळी चिठ्ठी केली, मागच्या बाजूला अडकवायला. तिच्यावर लिहिलं: "जागा टोके, सिद्धेश्वर, जागेवर जाऊन जुळवली. काळ नक्की नाही. वाळू दिसते, म्हणजे धरणाआधी किंवा पाणी आटलेलं असताना. चित्र काढणारा माझा मामा." खाली माझं नाव आणि त्या दिवशीची तारीख. खापरावर लिहितात तसं, जेवढं ठाऊक तेवढंच.

फाइलचं नावही बदललं. आता ती मामा_१७ नाही, टोके_सिद्धेश्वर_काळ_अनिश्चित आहे. उरलेली चाळीस आहेत. आईला एकेक दाखवायला सुरुवात केलीय, आणि ती म्हणते तिच्या मावशीला दाखवू, तिला जास्त आठवतं. मावशीआजी ८४ वर्षांच्या आहेत. पुढच्या शनिवारी तिकडेच जाणार आहे.

अंधार पडायच्या आत पायऱ्यांवर बसून माझंही एक चित्र काढलं, पाणी जिथवर होतं तिथवर दाखवून. बरं आलं नाही. पाण्याचा रंग चिखलासारखा झाला आणि शिखर डावीकडे कललं. पण कोपऱ्यात गाव लिहिलं, तारीख लिहिली, आणि लिअरसारखी वेळसुद्धा. संध्याकाळचे ५ वाजून ४० मिनिटं, पाणी वरून अकराव्या पायरीला.